चार दात मागं

“...तर एवढंच सांगा उस्ताद, या इंजिनात अजून थोडी ताकद घालता येईल की नाही?”

दस्तगीर उस्तादांनी बशीतला उरलेला चहा संपवला. कप बशीत ठेवला.

“किती?”

“फार नको. पाव हिस्सा वाढली तरी पुरे.”

“पाव हिस्सा कशाचा? आत्ता किती आहे ते तुला ठाऊक आहे?”

रोहिदास पाष्टेने नकारार्थी मान हलवली.

सातकड्या घाटाच्या पायथ्याशी नाक्यावर उस्तादांची शेड होती. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. उस्ताद मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी घाट उतरून इकडे आले ते इथेच राहिले. आता वय शहात्तर. एका डोळ्याला मोतीबिंदू. पण घाटातून उतरणारी गाडी शेडसमोरून गेली की तिच्या कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते बसल्या जागी सांगायचे.

रोहिदास त्यांच्याच हाताखाली दोन वर्षं होता. त्यालाही आता अकरा वर्षं होऊन गेली. मधल्या काळात तो एकदाही शेडची पायरी चढला नव्हता. रस्त्यावरून जाताना हॉर्न द्यायचा, हात वर करायचा, आणि पुढे निघून जायचा.

आज तो थांबला होता. त्याची पांढरी पिकअप शेडच्या तोंडाशी उभी होती. सतरा वर्षांची जुनी गाडी, पण धुतलेली, पुसलेली. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत ‘आई जाखमाता प्रसन्न’.

“सगळं करून झालंय,” रोहिदास म्हणाला. “नोझल नवीन टाकले. डिझेल जास्त जावं म्हणून पंपाचा स्क्रू चढवला, एकदा नाही, दोनदा. एअर फिल्टर बदलला. सायलेन्सर उतरवून जाळून साफ केला. पाच गॅरेजं झाली, उस्ताद. प्रत्येक जण म्हणतो, आता इंजिन खोला. एक तर म्हणाला, गाडी भंगारात घाल.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, तुमच्याकडनं होत नसेल तर तसं सांगा. गाडी मला शिकवू नका.”

उस्ताद हसले नाहीत.

“मग आज इकडे कसा?”

“तुम्ही शेवटचे राहिला होता.”

हे तो सहज बोलून गेला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण शब्द मागे घ्यायची त्याला सवय नव्हती. तो गाडीकडे बघत राहिला.

उस्तादांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी विचारलं, “ताकद पाहिजे कशाला? माल वाढलाय?”

“माल नाही.”

“मग?”

...

“भिकाजी गेला,” रोहिदास म्हणाला.

उस्तादांनी मान वर केली. “कोण भिकाजी?”

“गोताडांचा. आमच्या कातळवाडीतला. माझ्या शेजारचा.” तो शेडमधल्या एका जुन्या टायरवर बसला. “आमच्या वाडीत गाडी एकच, माझी. कुणाला काही झालं की माझ्याच दारात येतात. मोठा दवाखाना घाटमाथ्यावर. दुसरा रस्ता नाही... गणपती जाऊन आठ दिवस झाले होते. भिकाजी सकाळी बांधावर गवत कापायला गेला. गवतात हात घातला आणि नाग डसला. मोठा नाग. त्याने स्वतः बघितला.”

“मग?”

“पाच मिनिटांत गाडी काढली. मागे गोधडी टाकून त्याला निजवला. त्याची बायको सुलोचना डोकं मांडीवर घेऊन बसली. खालचा सपाटीचा रस्ता कसा तरी गेला. घाट लागला आणि गाडी मरायला लागली. तिसरा गिअर घेईना. दुसरा घेतला की आचके. पहिल्यावर चढवली, उस्ताद. पहिल्यावर! माणूस पायी चालला असता बरोबर. मागे काळा धूर. सुलोचना काचेवर हात आपटत होती. ‘भावजी, जोरात घ्या. भावजी, जोरात घ्या ना.’ पाय तळापर्यंत दाबला होता मी. त्याच्या पुढे कुठे दाबणार?”

उस्ताद ऐकत होते.

“पाचव्या कड्याच्या वळणापर्यंत तो बोलत होता. ‘रोह्या, डोळे मिटतात रे,’ म्हणाला. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही... दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर धावतच आले. त्यांनी सगळं केलं. अर्ध्या तासाने बाहेर येऊन एवढंच म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.”

रस्त्यावरून एसटी गेली.

“म्हणून पाहिजे ताकद,” रोहिदास म्हणाला. “परत कुणाला असं व्हायला नको. या इंजिनाने माझा माणूस मारला, उस्ताद. हे इंजिन फोडून टाकावं असं वाटतं मला. पण दुसरी गाडी कुठून आणू?”

तो उठला. बॉनेटपाशी गेला. “उघडू?”

“नको.”

“मग बघणार कसं?”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. चालत गाडीपाशी आले. पुढून गेले, बाजूने गेले, मागच्या चाकापाशी थांबले. नाक थोडं पुढे केलं. परत सरळ उभे राहिले.

“किती वेळ झाला गाडी उभी करून?”

“तुमच्यासमोरच तर आलो. पंधरा मिनिटं झाली असतील.”

“कुठून आलास?”

“वाडीवरनं. सरळ रस्ता, सपाटीचा. पण इंजिनाचं आणि याचं काय...”

“न्यूट्रल कर. हँडब्रेक सोड.”

रोहिदासने वैतागून दार उघडलं, हात आत घातला, दोन्ही केलं.

“आता ढकल.”

“ढकलू?”

“सपाट जमीन आहे. गाडी रिकामी आहे. तू तर गडी माणूस. ढकल.”

रोहिदासने पाठ लावली. गाडी जागची हलली नाही. त्याने पाय रोवले, दात खाल्ले आणि पुन्हा जोर लावला. गाडी वीतभर पुढे सरकली आणि थांबली. तिला कुणीतरी मागून धरून ठेवलंय असं वाटत होतं.

तो धापा टाकत सरळ झाला. “जुनी आहे. जड झालीय.”

कोपऱ्यात माठ होता. त्यावरच्या तांब्यात त्यांनी थोडं पाणी घेतलं. मागच्या चाकापाशी आले. तळहातावर चार थेंब घेतले आणि चाकाच्या भोकांतून आतल्या ब्रेकच्या ड्रमवर शिंपडले.

चर्रर्र...

तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. चाकातून पांढरी वाफ वर आली.

रोहिदास बघत राहिला.

उस्ताद पलीकडे गेले. दुसऱ्या चाकावर पाणी शिंपडलं. पुन्हा तोच आवाज. पुन्हा वाफ. वाफेबरोबर करपलेला वास आला, ब्रेकच्या जळक्या लायनरचा.

रोहिदासचा चेहरा बदलला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्या दिवशी सुलोचना मागून ओरडली होती, ‘भावजी, कसला तरी जळका वास येतोय.’ आणि त्याने मान न वळवता सांगितलं होतं, ‘इंजिनाचा आहे. तुम्ही त्याच्याकडे बघा.’

“ब्रेक कोण बघतं?” उस्तादांनी विचारलं.

“मी.” आवाज अजून ताठ होता. “दुसऱ्या कुणाला मी चाकाला हात लावू देत नाही. पाचही गॅरेजवाल्यांना आधीच बजावलं होतं, इंजिनाचं काय ते करा, ब्रेकला शिवायचं नाही. अकरा वर्षांत एकदा ब्रेक फेल नाही माझा. या घाटात! विचारा कुणालाही.”

“कसा बघतोस?”

“तुम्ही शिकवलं तसाच.”

उस्तादांची मान त्याच्याकडे वळली.

“दर शनिवारी,” रोहिदास म्हणाला. “जॅक लावायचा. चाकामागच्या फटीतून स्क्रू ड्रायव्हर घालायचा. आतला दातेरी नट फिरवायचा, लायनर ड्रमला घट्ट भिडेपर्यंत. ‘घाटात गाडी चालवणाऱ्याचा ब्रेक सैल असता कामा नये.’ तुमचेच शब्द. एक शनिवार चुकवलेला नाही मी. बायको माहेरी गेली, बाप आजारी पडला, तरी नाही.”

“भिडेपर्यंत,” उस्ताद म्हणाले.

“भिडेपर्यंत.”

“आणि मग?”

“मग काय? चाक खाली. झालं.”

...

उस्तादांनी जॅककडे बोट दाखवलं. “लाव.”

रोहिदासने मागची बाजू उचलली. चाक जमिनीपासून सुटलं.

“फिरव.”

त्याने दोन्ही हातांनी चाक धरून ओढलं. चाक खर्र करून बोटभर फिरलं आणि अडलं.

“असं फिरतं चाक?”

रोहिदासचे हात चाकावरच राहिले.

उस्ताद हळूहळू खाली बसले. म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांना लागला. स्क्रू ड्रायव्हर फटीत घातला. डोळे मिटले. बोटांनीच बघितल्यासारखा नट उलटा फिरवला.

टक्.

“एक,” ते म्हणाले.

टक्. “दोन.”

टक्.

टक्.

“आता फिरव.”

रोहिदासने चाकाला नुसता हात लावला. चाक फिरलं. फिरतच राहिलं. कशालाही न घासता, आवाज न करता. त्याने हात काढून घेतला तरी फिरत राहिलं.

तो त्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत होता. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं त्याचं तोंड झालं होतं.

“घट्ट करायचा भिडेपर्यंत,” उस्ताद म्हणाले, “आणि मग चार दात मागं यायचं.”

“मागं?”

“मागं.”

“हे... हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.”

उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर चिंधीला पुसला.

“नव्हतं सांगितलं, उस्ताद! मला सगळं आठवतंय. इथेच. निळ्या टेम्पोचं चाक होतं. मी खाली होतो, तुम्ही उभे. तुम्ही म्हणालात, भिडेपर्यंत घट्ट कर. मी केला. तुम्ही म्हणालात, शाबास. आणि तुम्हाला कुणीतरी हाक मारली, तुम्ही गेलात.”

“हो,” उस्ताद म्हणाले. आवाज खाली गेला होता. “मशिदीत मय्यत होती. त्यासाठी बोलावलं होतं.”

“मग?”

“पुढचं उद्या सांगणार होतो.”

...

“दुसऱ्या दिवशी मी आलोच नाही,” रोहिदास म्हणाला.

“नाही आलास.”

दुसऱ्या दिवशी त्याला लायसन मिळालं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने वाडीत सगळ्यांना सांगितलं होतं, उस्तादाकडे शिकण्यासारखं होतं तेवढं शिकून झालं. पिकअपची किल्ली हातात आल्यावर तो या शेडसमोरून पहिल्यांदा हॉर्न देत गेला, तेव्हा उस्तादांनी हात हलवून त्याला थांबायची खूण केली होती. म्हातारा शाबासकी द्यायला बोलावतोय असं त्याला वाटलं होतं. त्यानेही हात हलवला होता आणि गाडी पुढे नेली होती.

हे आता तो बोलला नाही. पण उस्तादांनाही ते आठवत असावं. त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

रोहिदास जमिनीवर बसला. तेलकट जमीन, धुतलेली पँट. त्याचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे अकरा वर्षं मी...”

“लायनर झिजून सुटायचा, तू पुन्हा घट्ट करायचास. झिजायचा, घट्ट करायचास.”

“म्हणजे त्या दिवशी...”

उस्ताद बोलले नाहीत.

“त्या दिवशी काय वार होता?” रोहिदासने स्वतःलाच विचारलं. बोटं मोजली. मग बोटं थांबली. “रविवार. रविवार होता, उस्ताद. मी आदल्या दिवशीच...”

त्याने उचललेल्या चाकावर हात ठेवला.

“गाडी चढत होती,” तो शेवटी म्हणाला. “इंजिन चढवत होतं. मीच धरून ठेवली होती.”

वर पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली.

“बोला ना काहीतरी!” रोहिदास एकदम ओरडला. “म्हणा ना, तसं नाही म्हणून!”

उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. दुसऱ्या चाकाकडे बोट केलं.

“चार दात,” ते म्हणाले.

रोहिदासच्या हातून स्क्रू ड्रायव्हर दोनदा फटीतून निसटला. तिसऱ्यांदा बसला. त्याने एक दात मागे घेतला, थांबला. दुसरा. तिसऱ्याला त्याने कपाळ टायरला टेकलं, आणि तसंच राहून चौथा घेतला.

पुढची दोन चाकं उस्तादांनी बघितली. तीही तशीच निघाली. ती सैल केल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. पंपाच्या स्क्रूपाशी वाकले आणि तो उलटा फिरवू लागले.

“हे काय करताय?” रोहिदास पुढे झाला. “तो चढवलाय मी. दोनदा चढवलाय.”

“उतरवतोय.”

“उस्ताद, ताकद कमी होईल!”

“होईल.”

“ताकद वाढवायला आलो होतो मी तुमच्याकडे!”

“ऐकलं मी.”

त्यांनी स्क्रू मूळच्या जागी आणून ठेवला. हात चिंधीला पुसले. मग पुढचं दार उघडून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. घाटात जायला म्हणून उस्ताद कुठल्या गाडीत बसल्याला बरीच वर्षं झाली होती.

“चल,” ते म्हणाले. “घाट चढू.”

“मला नाही जमणार.”

“चल.”

रोहिदासने गाडी सुरू केली. क्लच सोडला मात्र, गाडीने अशी उडी घेतली की त्याने घाबरून ब्रेक दाबला. अकरा वर्षं गाडी निघताना पायाला जेवढा जोर लावायची सवय होती, तेवढा आता लागत नव्हता. ब्रेक मात्र लागला. पॅडल जरा खाली गेल्यावर, पण चारही चाकांना एकदम.

“लागतो,” तो पुटपुटला.

“लागणारच. तापलेला ड्रम ब्रेक धरत नाही. तुझे ड्रम कायम तापलेले. एखाद्या उतारावर पाय नुसता खाली गेला असता. अजून गेला नाही ही वरच्याची मेहेरबानी.”

रोहिदासने त्यांच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

पहिला कडा आला. त्याने सवयीने गिअर खाली घ्यायला हात नेला.

“राहू दे,” उस्ताद म्हणाले.

गाडी तिसऱ्यावर चढली. धूर नव्हता. इंजिन किंचाळत नव्हतं, गुरगुरतही नव्हतं. शेळी टेकडी चढावी तशी गाडी वळणं घेत वर चालली होती. दुसरा कडा गेला. तिसरा. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक रांगत होता. रोहिदासने हॉर्न दिला आणि चढावर त्याला मागे टाकलं. चढावर त्याने कुणाला ओलांडल्याला किती वर्षं झाली होती ते त्यालाही आठवेना.

दुसऱ्या कुणा ड्रायव्हरने आनंदाने आरोळी ठोकली असती.

रोहिदासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो पुसत नव्हता, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. प्रत्येक वळण सहज गेलं की तो आणखी वाकत होता. चौथ्या कड्याला त्याच्या तोंडून आवाज फुटला, “बस्स... बस्स की आता...” तो गाडीला म्हणत होता.

पाचव्या कड्याच्या वळणावर त्याने गाडी थांबवली.

घड्याळाकडे बघितलं. “सोळा मिनिटं,” तो म्हणाला. “त्या दिवशी इथे यायला अर्धा तास लागला होता. इथे तो म्हणाला, डोळे मिटतात.”

तो उतरला. चढावर गाडी उभी केली की घाटातले सगळे ड्रायव्हर करतात तसं त्याने कडेचा एक मोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. मग कठड्याला धरून उभा राहिला. खाली दरीत धुकं होतं. कातळवाडी दिसत नव्हती.

उस्तादही उतरले. त्याच्यापासून चार हातांवर उभे राहिले.



“परत घट्ट करा,” रोहिदास म्हणाला. “मला नको ही ताकद.”

उस्ताद बोलले नाहीत.

“इंजिनावर राग काढता येत होता. आता कुणावर काढू?”

...

“सुलोचनावहिनी रोज दारासमोरून पाणी घेऊन जाते. परवा मला म्हणाली, भावजी, तुम्ही होता म्हणून निदान त्याला दवाखाना तरी दिसला. हात जोडले तिने मला... मी ते घेतले, उस्ताद. जोडलेले हात घेतले मी.”

“उतरताना तिच्याकडे जाऊ,” उस्ताद म्हणाले.

रोहिदास दचकला. “सांगायचं?”

“सांगायचं.”

“ती काय करेल?”

“मला काय ठाऊक. पण मी तुझ्याबरोबर येतोय. अर्धं मला सांगायचंय.”

रोहिदासने वळून त्यांच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचा चेहरा त्याने कधी असा बघितला नव्हता. दाढीतले ओठ हलत होते. मोतीबिंदूचा डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही ओले होते. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की चाकातून पहिली वाफ आली त्या क्षणापासून हा माणूसही त्याच्याएवढाच हादरलेला आहे. अकरा वर्षं या शेडसमोरून ही गाडी जात होती. ज्यांना बेअरिंगचा आवाज बसल्या जागी ऐकू येतो, त्यांना...

“तुम्हाला घासल्याचा आवाज यायचा?” त्याने विचारलं.

उस्तादांनी दरीकडे बघितलं.

“यायचा.”

“मग?”

“म्हटलं, थांबत नाही, हॉर्न देऊन जातो. गरज पडली की येईल. आला की सांगू.”

वाऱ्याने धुक्याचा एक पदर वर आला आणि रस्त्यावरून निघून गेला. खालून ट्रकचा आवाज येत होता, लांबून, एकेका वळणाने जवळ.

रोहिदास कठडा सोडून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. शाळेतल्या पोराने फळ्यावरचं गणित विचारावं तसं त्याने विचारलं,

“उस्ताद... मग हे पाप कोणाचं?”

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. मग गाडीकडे चालत गेले.

“हँडब्रेक बघ, लागलाय का.”

रोहिदासने दारातून हात घालून बघितला. लागला होता.

उस्ताद मागच्या चाकापाशी वाकले. दगड जड होता. दोन्ही हातांनी त्यांनी तो चाकाखालून काढला. रोहिदास धावला, “मी घेतो, तुम्ही राहू द्या.” त्यांनी मान हलवली. दगड पोटाशी धरून ते एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडून गेले आणि कठड्याच्या मुळाशी, कुणाच्या चाकात येणार नाही असा, नीट टेकवून ठेवला.

गाडी जागेवर उभी होती.

ट्रक शेवटच्या वळणावर आला होता. उस्तादांनी हात झटकले, दार उघडलं आणि आत बसता बसता म्हणाले,

“थांबावं लागतं, तेव्हा थांबावं. पण दगड रस्त्यात सोडून जायचं नाही, रोहिदास. मागून कुणीतरी येतच असतं.”